मृगाआधींचें छप्पर

“घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून” ही म्हण आपल्याकडे इतकी सर्वतोमुखी झाली आहे कीं, तिच्यांतील ‘पहावें’ या शब्दाकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. लग्न ही चार दिवसांची धांदल. ती कशीबशी पार पडते. घराचें तसें नाहीं. घर बांधतांना स्वतःच्या ऐपतीबरोबरच गांवची माती, पाणी, वारा, तेथील माणसांचे सण आणि त्यांच्या पोटापाण्याचे हंगाम हें सारें पहावें लागतें. पुण्यामुंबईसारख्या शहरांत हें पाहण्याचें काम कंत्राटदारावर सोंपवून आपण मोकळे होतों. कोंकणांत तें कोणावरही सोंपवितां येत नाहीं; तेथें दुमजली घराचें वेळापत्रक आधीं आकाश आंखतें आणि मग माणूस. गेल्या कार्तिकांत रत्नागिरीच्या बाजूस आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. त्या मुक्कामांत या गोष्टीचा जो उलगडा झाला, तो घर बांधूं इच्छिणाऱ्या वाचकांपुढें ठेवावा एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोल्हापूर सोडल्यावर मलकापुरावरून रस्ता आंबा घाटाकडे वळतो. घाट उतरून साखरपा मागें पडलें कीं मातीचा रंग हळूहळू पालटूं लागतो. नाणीज, पाली करीत हातखंब्यापर्यंत येईतों रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दरडी, शेतांचे गडगे, विहिरींचे कठडे, देवळांचे चौथरे सारें एकाच तांबूस, सच्छिद्र दगडाचें दिसूं लागतें. हाच कोंकणचा जांभा. कार्तिकांत सड्यावरचें गवत वाळून सोनेरी झालेलें असतें आणि त्याच्या पार्श्वभूमीवर हा तांबडा रंग मोठा खुलून दिसतो.

हा दगड म्हणजे काळ्या कातळाचेंच रूपांतर होय. लाखों वर्षांच्या उष्ण व दमट हवेंत पावसानें कातळांतील वाळूचा अंश धुवून नेला आणि लोखंड व अल्युमिनियम यांचे अंश मागें ठेविले. त्यांचाच हा जांभा झाला. फ्रान्सिस बुकॅनन नांवाचा एक स्कॉटिश वैद्य दक्षिण हिंदुस्थानांतून प्रवास करीत असतां त्याला मलबारांत अंगाडिपुरम् येथें असा दगड आढळला. लोक तो कुऱ्हाडी-सुऱ्यांनीं कापीत आणि विटांसारखा वापरीत. सन १८०७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें त्याला ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘लॅटर’ म्हणजे वीट. जमिनींत असतांना मऊ आणि वाऱ्यावर आला कीं कठीण, असा याचा स्वभाव आहे. ज्या पावसानें हा दगड घडविला, त्याच्याच माऱ्यापासून आपलें रक्षण करण्यासाठीं कोंकणी माणूस त्याच्या भिंती उभारतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

वाटेंत एक चिरेखाण पाहिली. पूर्वीं चिरे हातांनीं तासून काढीत. आतां यंत्राचें चक्र सड्यावर उभ्याआडव्या रेघा ओढीत जातें आणि एकसारखे चिरे सुटे होतात. एकेका चिऱ्याचें वजन तीस किलोंच्या आसपास. यंत्राच्या घरघरीपेक्षां तेथें मन वेधून घेते ती तांबडी धूळ. माणसें, झाडें, मोटारी, चहाचे पेले सारें तिनें माखलेलें असतें. खाणीवाल्यानें सांगितलें, “पावसांत खाण म्हणजे तळें. तें पाणी उपसून दिवाळीनंतर आम्ही उभे राहतों. ज्याला मार्गशीर्षांत चिरा हवा, त्यानें भाद्रपदांत सांगून ठेवावें.” कोंकणांतील घराच्या वेळापत्रकाची पहिली ओळ मला या खाणींत वाचावयास मिळाली.

रत्नागिरी शहरांत दोन घरें पाहण्यासारखीं आहेत आणि आमच्या विषयाशीं त्यांचा थोडाबहुत संबंधही आहे. पहिलें टिळक आळींतील कौलारू घर. २३ जुलै १८५६ रोजीं लोकमान्यांचा जन्म रत्नागिरींत झाला. त्यांचें हें जन्मस्थान आज स्मारक म्हणून जतन केलें आहे. दुसरें म्हणजे खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें आणि पुढच्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें. हा वाडा तयार झाला १९१० च्या सुमारास. म्हणजे राजा झाला तरी स्वतःच्या घरासाठीं त्याला जवळजवळ चोवीस वर्षें थांबावें लागलें. आणि १९१६ सालीं त्याचें निधन झालें, तेव्हां त्यांत त्याचें वास्तव्य अवघें सहा वर्षांचें झालें होतें. घराला फार उशीर झाला तर राहणारा थकतो, ही एक बाजू. दुसरी बाजू मला पुढें दिसली.

भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून गोळपचा सडा चढला कीं रस्ता पावसकडे जातो. येथें गांवाचेंच नांव पावस. तेव्हां त्याचें माहात्म्य वेगळें सांगावयास नको! रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक सारा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत. परंतु जांभ्याचा सडा पाणी धरून ठेवीत नाहीं. आषाढांत ज्या विहिरीचें पाणी हातांनीं घेतां येतें, तिचा तळ चैत्र-वैशाखांत दिसूं लागतो. अशा या वाटेवरच्या एका वाडींत माझ्या आत्याबाई राहतात. वय चौऱ्यायशीं. माझे आतेभाऊ निवृत्त शिक्षक. वाडींत त्यांना सारे मास्तर म्हणतात. जुन्या घराच्या मातीच्या भिंती आतां भेगाळल्या आहेत, म्हणून त्या जागीं नवें दुमजली घर बांधावें असें ठरत होतें. तळाला हजार चौरस फूट, वर माडी सातशें फुटांची. भिंती जांभ्याच्या, मध्यें काँक्रीटचा स्लॅब आणि माथ्यावर उतरतें कौलारू छप्पर.

भाऊंचे चिरंजीव पुण्यास अभियंते आहेत. त्यांनीं संगणकावर एक सुबक तक्ता करून आणला होता. २४ नोव्हेंबरला जुनें घर उतरवावयास प्रारंभ आणि २५ मे रोजीं, म्हणजे सूर्य रोहिणींत येतो त्या दिवशीं, शेवटचें कौल. मृग लागतो ७-८ जूनला. परंतु वळवाच्या सरी त्याची वाट पाहत नाहींत, म्हणून रोहिणीची मर्यादा. या दोन तारखांमध्यें दिवस १८२. त्यांची वांटणी अशी: जुनें घर उतरवून जागा साफ करणें १५, पाया २०, जोतें २५, तळमजल्याच्या भिंती ३५, स्लॅबचें सेंट्रिंग व सळ्या १६, स्लॅब ओतल्यावर थांबणें २१, माडीच्या भिंती २८ आणि छप्पर २२. बेरीज बरोबर १८२! तक्त्यांत एकही दिवस रिकामा नव्हता. चिरंजीवांना त्याचाच अभिमान होता. “आणि दिवस कमी पडलेच,” ते म्हणाले, “तर थांबण्याच्या एकवीस दिवसांतले दहा काढतां येतील. त्या दिवसांत तसेंही कांहीं काम होत नाहीं.”

ओटीवर एक वृद्ध गवंडी बसले होते. वाडींतील निम्मीं घरें त्यांच्या हातचीं. त्यांनीं तक्ता हातीं घेतला, खालून वर वाचला आणि एकेका ओळीवर बोट ठेवीत विचारलें, “मास्तर, होळी कधीं हाय?” पंचांग पाहिलें; होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यांत. तक्त्याप्रमाणें सेंट्रिंगचें काम नेमकें २७ फेब्रुवारीपासून १५ मार्चपर्यंत. शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानी गांवीं येतात आणि त्या दिवसांत येथें थापीला कोणी हात लावीत नाहीं. पुढें एप्रिल-मे. माडीच्या भिंती आणि छप्पर या महिन्यांत. परंतु तोच आंब्याचा हंगाम. झाडावरचा हापूस उतरविणें, पेट्या भरणें, त्या रवाना करणें या कामाला जो दाम मिळतो, तो सोडून चिरा उचलावयास कोण येणार? विजापूर-बागलकोटाकडील माणसें आणावीं, तर तीं साऱ्या जिल्ह्यानें आधींच धरून ठेविलेलीं असतात. आणि तिसरी गोष्ट पाण्याची. चिरा भिजवून लावावा लागतो, भिंतीला पाणी मारावें लागतें. आणि वैशाखांत तर पिण्याचें पाणीही कांहीं वाड्यांना टँकरनें येतें.

शिमगा, आंबा आणि विहीर या तिन्हींचीं पंचांगें एकावर एक ठेविलीं, तेव्हां त्या १८२ दिवसांतले निदान तीस तरी हवेंत विरले. मग साहजिकच दृष्टि गेली ती त्या एकवीस दिवसांकडे. घर बांधणारा नेहमीं येथेंच फसतो. काँक्रीट ‘सुकतें’ अशी आपली समजूत असते. वस्तुतः तें सुकत नसून सिमेंट व पाणी यांच्या संयोगानें आंतून घट्ट होत जातें. तें ओलें राहिलें नाहीं तर ही क्रिया अर्ध्यावर थांबते. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणें साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान ७ दिवस आणि राख किंवा भट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस ओलावा हवा; उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत तर त्याहूनही अधिक. साडेचार मीटरांपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांआधीं व त्याहून मोठ्याचे १४ दिवसांआधीं काढूं नयेत. तुळयांचे, लांबीप्रमाणें, १४ ते २१ दिवस ठेवावेत. म्हणजे त्या एकवीस दिवसांत ‘कांहीं काम होत नाहीं’ हें खरें नव्हे. माणसें काम करीत नाहींत, परंतु घर करीत असतें. भिंतींचेंही तसेंच. एका दिवसांत तीन-साडेतीन फुटांहून अधिक उंच भिंत चढविली तर खालचा चुना-सिमेंट घट्ट होण्याच्या आधींच त्यावर भार येतो. जोत्यांतील भरावाला तर, त्या वृद्ध गवंड्यांच्या शब्दांत, “येक पावसाळा पिऊं द्यावा लागतो”. एरव्हीं फरशी मागाहून खचते. घाईंत जे दिवस प्रथम चोरीस जातात ते हेच. आणि त्यांची भरपाई पुढें गळतीनें, भेगांनीं व मनस्तापानें करावी लागते.

ही चर्चा चालू असतां आत्याबाई माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांना तक्ता वाचतां येत नव्हता. डोळ्यांनीं दिसत नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “अरे, तुमचें हें सगळें मेळांत जमलें तर उत्तमच. पण नाहीं जमलें, तर मृगाच्या पावसांत आम्ही निजायचें कोठें?”

कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. कारण तक्त्याची पहिलीच ओळ ‘जुनें घर उतरविणें’ ही होती. एकदां तीं कौलें खालीं आलीं कीं साऱ्या कुटुंबाला पुढचा पावसाळा अपुऱ्या भिंतींत, नाहीं तर शेजाऱ्यांच्या पडवींत काढावा लागणार. चौऱ्यायशीं वर्षांच्या माणसाचा एक पावसाळा असा पणाला लावावयाचा काय, हा खरा प्रश्न होता आणि तो १८२ दिवसांच्या बेरजेंत कोठेंच दिसत नव्हता.

त्या रात्रीं चिरंजीवांनींच तक्ता नव्यानें आंखला. त्यांच्या या मोकळेपणाचें मला कौतुक वाटलें. नवें घर जुन्याच्या जागेवर न बांधतां मागील परसांत, दहा पावलें सरकवून घ्यावयाचें ठरलें. तेथें जमीन थोडी चढाची आहे. तेव्हां पाणीही साचणार नाहीं. जुनें घर उतरविण्याचे पंधरा दिवस त्यामुळें पहिल्या हंगामांतून वगळले गेले आणि स्लॅब ओतण्याची तारीख १५ मार्चवरून २८ फेब्रुवारीवर आली, म्हणजे होळीच्या अगदीं तोंडावर. ही गोष्ट मोठी सोयीची झाली. शिमग्याला माणसें पालखीमागें जातात त्याच दिवसांत स्लॅबला विश्रांति हवी असते. सकाळ-संध्याकाळ पाणी मारावयास घरचें एक माणूस पुरतें आणि तेव्हां विहिरीला पाणीही असतें. सण आणि काम यांचा असा मेळ बसला कीं सुट्टी ही सुट्टी राहत नाहीं.

पहिल्या हंगामांत एवढेंच करावयाचें. २१ मार्चनंतर रोहिणीपर्यंत जे पासष्ट दिवस उरतात, त्यांत खिडक्या-दारांच्या चौकटी, विजेच्या नळ्या, आंतील गिलावा अशीं कामें, जेवढीं माणसें मिळतील तेवढ्यांत. जिन्याच्या तोंडावर पत्रे. स्लॅबमधून वर आलेल्या सळ्यांना गंज चढूं नये म्हणून सिमेंटचा लेप. मग पावसाला येऊं द्यावयाचें. तो जोत्याला पाणी पाजील आणि स्लॅब कोठें पाझरतो तें गिलाव्याचा शेवटचा हात देण्याच्या आधींच दाखवून देईल. तोंवर आत्याबाई जुन्या माजघरांत, आणि त्या वर्षींचा गणपतिही तेथेंच.

दिवाळीनंतर दुसरा हंगाम. जुनें घर उतरविणें १५, माडीच्या भिंती २८, छप्पर २२. एकूण पासष्ट दिवस. कार्तिकांत आरंभ केला तर माघाच्या सुमारास माडीवर कौलें चढतात. आंबा दूर, विहीर भरलेली, शिमगा पुढें. या क्रमांत आणखी एक लाभ आहे. जुन्या घराचे खांब फणसाचे, तुळया ऐनाच्या, कांहीं वासे सागाचे. दोन-तीन पिढ्या वाळलेलें असें लांकूड आज बाजारांत सहसा मिळत नाहीं. पहिल्या तक्त्याप्रमाणें तें सहा महिने उघड्यावर पडून राहिलें असतें. आतां तें जुन्या आढ्यावरून उतरून थेट नव्या माडीवर चढेल. मंगळुरी कौलांतलींही निवडक तेवढीं पुन्हां वापरतां येतील. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास पहिला कारखाना काढल्यापासून हीं कौलें साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलीं. तीं नीट उतरविलीं तर सहसा फुटत नाहींत.

पैशाचा प्रश्न अर्थात् उरलाच. बँकेचें कर्ज कामाच्या टप्प्यांनीं मिळतें आणि उचललेल्या रकमेवर व्याज लगेच सुरू होतें. पंधरा लाख उचलले आणि व्याज शेंकडा साडेआठ धरलें, तर सहा महिन्यांच्या लांबणीचा खर्च सुमारें चौसष्ट हजार रुपये. ही रक्कम मध्यमवर्गीय कुटुंबाला लहान नाहीं, आणि भाऊंच्या चेहऱ्यावर ती दिसली. परंतु तिच्या पलीकडील पारड्यांत पुढील गोष्टी घालाव्या लागतात: आंब्याच्या हंगामांतील दुप्पट मजुरी, टँकरचें पाणी, अपुऱ्या छपरावरचे ताडपत्र्यांचे तंबू, जुन्या लांकडाची नासाडी आणि एका वृद्ध स्त्रीचा पावसाळा. शेवटच्या गोष्टीला रुपयांत किंमत नाहीं. ती सोडूनही हिशेब फारसा तोट्याचा होत नव्हता. कोंकण रेल्वेकडेच पहा. १९९८ च्या २६ जानेवारीला ती संपूर्ण सुरू झाली. डोंगर पोखरून तिनें करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा काढला. तरीही दरवर्षीं पाऊस आला कीं ती आपलें वेळापत्रक बदलते आणि गाड्यांचा वेग कमी करते. त्यांत तिला कोणी कमीपणा मानीत नाहीं.

या सर्वांतून घर बांधणाऱ्यानें घ्यावयाचा बोध थोडक्यांत असा. तक्ता नेहमीं शेवटाकडून मागें आंखावा. आपल्या गांवीं ज्या दिवशीं छप्पर असलेंच पाहिजे तो दिवस आधीं लिहावा. मग थांबण्याचे दिवस लिहावेत आणि ते कोणत्याही कारणानें कमी करूं नयेत. त्यानंतर गांवचे सण व सुगी यांच्या तारखा घालाव्यात, आणि कामांची वांटणी सर्वांत शेवटीं. नकाशा, परवानगी, भावांची चौकशी, चिऱ्यांची मागणी हीं कागदावरचीं कामें पावसाळ्यांतच उरकावींत; त्यासाठीं कोरडा दिवस खर्चूं नये. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण ठेवून जोत्यावर व दारा-खिडक्यांच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावयास विसरूं नये. तो तक्त्यांत आधींच लिहिला नाहीं तर घाईंत गळतो. देशावरच्या वाचकांनीं हें सारें कोंकणापुरतेंच आहे असें समजूं नये. तेथें मृगाचें भय कमी असेल, परंतु काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, ऊंसतोडीला माणसें निघून जातात, आणि विहिरी तेथेंही आटतात. प्रत्येक गांवाचें असें एक न छापलेलें पंचांग असतें; तें जुन्या गवंड्याला आणि घरांतल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना पाठ असतें.

हा लेख लिहीत असतां भाऊंचा निरोप आला आहे. स्लॅब ठरल्याहून एकच दिवस उशिरां, १ मार्चला पडला. पालखी अंगणांत आली तेव्हां त्याच्यावर पाण्याचीं लहान लहान तळीं करून ठेविलेलीं होतीं आणि वाडींतलीं मुलें रंग खेळून तेथेंच हातपाय धुवावयास धांवत होतीं. त्यांना हांकलतां हांकलतां भाऊंची पुरेवाट झाली. चिरंजीवांचा नवा तक्ता ओटीवर खिळ्याला टांगला आहे. त्याची पहिली ओळ त्यांनीं आत्याबाईंना विचारून, मोठ्या अक्षरांत लिहिली आहे: “पावसाळ्यांत निजण्याची जागा — जुनें घर.”